उन्हाळ्यातली बांधी

काकाजी,

मैदानाला पाणी सोडून बसलो आहे. इथे गोव्यात दुपारी बारापासून तीनपर्यंत मैदानावर कुत्रंही फिरकत नाही. मी असतो, पाण्याची नळी असते आणि सावलीला रोलर ठेवायची पत्र्याची खोली असते. हजेरीच्या वहीची मागची पानं कोरी होती, त्यांच्यावर लिहून राहिलो. तुम्ही म्हणायचे, चिठ्ठी लिहायची तर शाळेतल्यासारखी लिही, वाचणाऱ्याला वाटलं पाहिजे पोट्टा आठवीपर्यंत तरी गेला होता. बरोबर आठवीपर्यंतच गेलो. म्हणून शाळेतल्यासारखं लिहायला बघतो, मधे आपली बोली घुसली तर घुसू द्या. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. या नऊ वर्षांत मनातल्या मनात तुमच्याशी पुष्कळ बोललो, पण कागदावर आज पहिल्यांदा, कारण मागच्या महिन्यात तुमच्या नावावर मी एक काम करून बसलो आहे. ते आल्या आल्या सांगितलं तर तुम्ही शिट्टी मारून मला रेषेबाहेर बसवाल. तेव्हा आधी जरा मागून चेंडू खेळवत आणतो.

टीव्हीवर दिसते त्या लीगच्या दोन-तीन पायऱ्या खाली जे क्लब असतात, तसल्या एका क्लबात मी मैदान सांभाळतो. गवत कापायचं, चुन्याच्या रेषा मारायच्या, जाळी शिवायची, मॅच झाली की घामट जर्सी धुवून तारेवर टाकायच्या. तुम्ही हसाल, पण नागपूर, सुरत, हैदराबाद करत, कुठे पाच महिने, कुठे दोन, कुठून पगाराचीही वाट न पाहता पळालेला मी, इथे तीन वर्षं टिकलो. आलो होतो हॉटेलात भांडी घासायला. एक दिवस सुट्टीला सायकलवरून हिंडताना पाहिलं तर धान कापलेल्या शेतात पोट्टे फुटबॉल खेळून राहिले होते. दोन बांबू, मधे दोरी, पायाखाली धानाची खुंटं, अन् एका कडेला कोणाची तरी गाय. काकाजी, मी सायकल तिथेच आडवी टाकली. चारशे कोस आलो, तर पुढे आपलीच बांधी, तसंच बांध घातलेलं धानाचं शेत. त्याच पोरांनी क्लबाचा पत्ता सांगितला आणि मैदान राखायला माणूस पाहिजे आहे हेही.

आपली बांधी मात्र वेगळीच होती. दिवाळीत धान कापून खळ्यावर गेला की तुम्ही बांधीच्या त्या म्हाताऱ्या मालकाच्या ओट्यावर जाऊन बसायचे. मागायचे काही नाही. चहा प्यायचे, पावसाचं बोलायचे, मालकाच्या गुडघ्याचं बोलायचे, अन् उठताना म्हणायचे, "मंग उद्यापासून पोट्टे येतेत जी." मालक म्हणायचा, "येऊ दे. जूनमधे नांगर घालीन तवा उठव म्हणजे झालं." एवढाच करार. दुसऱ्या दिवशी राइस मिलमधली मिस्त्रीची पाळी सुटली की तुम्ही धान उकडल्याच्या वाफेचा तो उसन्या तांदळाचा वास अंगाला घेऊन यायचे, मागे आम्ही मिलमधला जुना लोखंडी ड्रम लोटत. त्यात पाणी भरायचं आणि पंधरा पोरांनी मिळून तो बांधीवरून फिरवायचा, खुंटं बसेपर्यंत. माझं पहिलं प्रशिक्षण तेच. आठ दिवस चेंडू दाखवला पण नाही तुम्ही. मी विचारलं, "काकाजी, खेळाचं कवा?" तुम्ही म्हणाले, "हे काय करून राहिला? पाय मातीले ओळखून राहिले तुझे." गोलाची जाळी मिलमधल्या फाटक्या बारदान्याच्या सुतळीची. पोतं उसवून एकेक दोरा काढायचा, त्याला गाठी मारायच्या. आज मी इथे नायलॉनची जाळी शिवतो तेव्हा बोटं तीच गाठ मारतात. इथल्या लोकांनी विचारलं, ही गाठ कुठली? म्हटलं, आमच्या मिलची.

आणि ती पायली. मळणी झाली की घरटी एक पायली धान, लहान पोरांच्या फुटबॉलसाठी. सायकलच्या कॅरियरला पोतं बांधून तुम्ही पुढे, आम्ही मागे, सगळं गाव आणि गावाबाहेरची टोलीची वस्ती पालथी घालायची. कोपऱ्यावरच्या घरची ती म्हातारी दरवर्षी कमरेवर हात देऊन उभी राहायची. "काऊन जी मिस्त्री, पोट्टे तुमचे खेळतेत अन् धान आमी द्यावा?"

"तुझाच नातू गोलमधे उभा राहते ना माय."

"उभा राहते! परवा सात गोल खाऊन आला."

"जोडे नाही ना त्याले. पाय सटकते. तू पायली दे, तो दोन गोल कमी खाईल."

ती पायली भरायची आणि वरून हात फिरवून सपाट करायची, एक दाणा जास्त जाऊ नये म्हणून. मग आमच्यातल्या एखाद्याच्या खिशात मुठीनं मुरमुरे कोंबायची. तो धान तुम्ही मिलवर भरडून घ्यायचे, तांदूळ विकला जायचा, त्यात चेंडू आणि जोडे यायचे, आणि उरलेली कनकी, तांदळाची चुरी, तुमच्या घरी. मोठ्या टीमच्या पोरांनी एकदा त्या पैशातून जर्सी मागितली होती, आठवते? लोखंडी खुर्चीवरून उठलेही नाही तुम्ही. "पायली लहान्याईची आहे. तुम्हाले जर्सी पाहिजे तर मंडईच्या जत्रेतली टूर्नामेंट जिंका, बक्षिसाचा बकरा विका अन् घ्या." मोठे चिडून दोन दिवस खेळायला आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले. जर्सी नसलेलेच जिंकले ते, अन् बकरा विकला नाही, कापून खाल्ला.

कनकीवरून काकींची आठवण येते. खेळ सुटला की आम्ही दहा-बारा जण तुमच्या चुलीपाशी ओळीनं बसायचो, आणि काकी कनकीची गूळ घातलेली पेज वाढत वाढत तुम्हाला ऐकवायच्या. "या माणसानं मिलसोबत लगीन केलं अन् मैदानासोबत पाट लावला. मी आपली रांधायले आहो." तुम्ही खाली मान घालून पेज प्यायचे आणि आम्हाला डोळ्यानं खूण करायचे, हसू नका म्हणून. तुमची लेक, ताई, तेव्हा दहावीत असेल, दारात बसून आमच्या जोड्यांचे तळ शिवायची. कोणाचे पाय किती ते तिला पाठ होतं. माझ्या पहिल्या जोड्यात तुम्ही पुढे बारदाना कोंबला होता, कारण जोडे दोन नंबर मोठे आणले होते. मी म्हटलं, "हे तर मोठे होतेत." तुम्ही म्हणाले, "जोडे नाही मोठे. तू लहाना आहेस. दोन वर्सं खा, मंग सांग." दरवर्षी थोडा बारदाना काढायचो. ज्या वर्षी सगळा निघाला त्या वर्षी नागपूरच्या एका क्लबाचा माणूस आला.

त्याच्या आधीचं एक सांगायचं राहिलं. शेजारच्या बांधीत लाखोरीच्या डाळीचं पीक उगवलं होतं, बोटभर. चेंडू तिकडे गेला आणि मी धावत जाऊन तिथूनच किक मारली, शहाणपणा दाखवायला. मागे वळून पाहतो तर चार-पाच हात लाखोरी लोळली होती. तुम्ही ओरडले नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. तुम्ही खेळ थांबवला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "आठ दिवस हा इथं धुऱ्यावर बसंल अन् बकऱ्या हाकंल. खेळ बघाचा, खेळाचा नाही." आठ दिवस मी त्या बांधावर बसून बकऱ्या हाकल्या आणि तुम्ही मला एकदाही बोलावलं नाही. माझ्यासारख्याला एका जागी बसवणं म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊकच होतं. नवव्या दिवशी मालकच म्हणाला, "येऊ दे ना मिस्त्री पोट्ट्याले, लाखोरीपेक्षा तोच सुकून राहिला." आता मी इथे पोरांना ताज्या गवतावरून चालताना पाहिलं की शिट्टी मारतो, आणि ती शिट्टी माझी नसते.

तर नागपूरचा माणूस. मंडईच्या दिवशी दुपारी, टूर्नामेंटचा खेळ सुटल्यावर, तो आपल्या बांधीच्या कडेला मोटरसायकल लावून उभा होता. मला पंधरावं लागलं होतं. त्यानं तुम्हाला बाजूला घेतलं, मी मागे उभा होतो, म्हणून सगळं ऐकलं. पोरगा आम्हाला द्या, राहणं-खाणं आमच्याकडे, असं तो म्हणाला, आणि मग हिंदीत आला, "और मिस्त्रीजी, आपके क्लब को भी कुछ देंगे. पाँच साल सिखाया आपने."

तुम्ही विचारलं, "कायचे?"

"मेहनत का. ऐसा ही चलता है."

तुमचा चेहरा असा झाला जसा कोणी तुमच्या दारात येऊन शिवी दिली. "पोट्टा विकाले नाही बसलो जी मी. पोरीचा बाप पहिलेच्या काळी देज घेत होता, तसा मी पोट्ट्याचा घेऊ काय? न्या त्याले. चांगलं खाऊ घाला. पैशाचं तोंडातून काढू नका." तो माणूस समजवायला गेला तर तुम्ही त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. मी छाती फुगवून उभा. माझी किंमत होत नाही म्हणून फुगलो होतो. माझी ती फुगलेली छाती मागे राहिलेल्या पोरांना केवढ्याला पडली ते मला फार उशिरा कळलं.

नागपुरात मी पाच महिने राहिलो. खेळ चांगला होता. पण वसतिगृहाच्या भिंती, घंटेवर उठणं, घंटेवर खाणं, आणि संध्याकाळी इंग्रजीचा वर्ग. एका सकाळी फाटकातून दूध घेऊन आलेला टेम्पो परत निघाला, तर मी मागे चढलो. पाय दुखावला म्हणून सोडलं असं गावाला कळवलं. पाय चांगला होता, काकाजी. सुरतेकडे पळालो आणि दोन वर्षं गावाला तोंड दाखवलं नाही. आणि त्याच उन्हाळ्यात इकडे म्हाताऱ्या मालकाच्या पोरानं बोअर मारून बांधीत उन्हाळी धान लावला. ठेका, म्हणजे हंगामाचं भाडं, देता तर मैदान ठेवतो म्हणाला होता, पण तुमच्याजवळ पायलीपुरतंच होतं. जानेवारी ते जून मैदान गेलं. लहान पोरं कोणी विटाभट्टीवर गेली, कोणी तेंदूपत्त्याला, कोणी मोबाइलमधे. तो चेंडूंचा झोला तुमच्या छपराला टांगलेला मी सतराव्या वर्षी परत आलो तेव्हा पाहिला. तुम्ही मला काय म्हणाले? "पाय दाखव." मी दाखवला. तुम्ही घोटा दाबून पाहिला, इकडून तिकडून, आणि काही झालेलं नाही हे तुमच्या बोटांना कळलं. तुम्ही म्हणाले, "बरा झाला दिसते." आणि काकींना पेज वाढायला सांगितली.

त्यानंतर मी हैदराबादला निघालो तेव्हा तुम्ही गोंदियाच्या स्टेशनवर सोडायला आले होते, मिलमधून तसेच, कोंडा लागलेल्या शर्टात. तीच शेवटची भेट. हा जो स्टेशनचा प्रसंग आहे ना, तो लक्षात ठेवा, त्याच्यावर माझं सगळं प्रकरण उभं आहे. कारण तिथे आपण दोघंच होतो, तिसरं ऐकायला कोणी नव्हतं. तिथे तुम्ही खरं काय बोलले? "दरवाज्यात बसू नको. अन् पाण्याची बाटली भरून घे." बस. एवढंच.

आता इकडचं. ताईनं तुमचा झोला छपरावरून उतरवला त्याला पाच वर्षं झाली. लग्न गावातल्या गावातच झालं, शिवणकाम करते, आणि संध्याकाळी पोरं खेळवते. पायली पण फिरवते. तुमची सायकल नाही, डोक्यावर पोतं घेते. कोपऱ्यावरची ती म्हातारी अजून आहे आणि अजून वरून हात फिरवते. आता पोरीसुद्धा खेळतात, तीसेक लेकरं आहेत. त्यात टोलीतली एक तेरा वर्षांची पोरगी आहे. ताई फोनवर सांगायची, दोन्ही पायानं मारते, आणि मारायच्या आधी कुठे मारणार ते कोणालाच कळत नाही. डिसेंबरात एका सकाळी मी रेषा मारत होतो तर ताईचा फोन. आवाज बसलेला.

"बाबू, पुण्याकडचा एक क्लब आला होता. खालच्या लीगचाच आहे, पोरींची टीम बनवून राहिले. आपल्या पोरीले नेतो म्हणतेत. शाळा, राहणं, सगळं."

"मंग चांगलं झालं ना!"

"ऐक ना. आपल्या क्लबले पण देतो म्हणतेत. पाच वर्सं शिकवलं त्याचे. पावती करून. अन् इकडे मालकाच्या पोरानं सांगितलं, आइतवारपर्यंत ठेका दे, नाही तर उन्हाळी धान लावतो. बांधी गेली तर हे तीस लेकरं कुठं नेऊ मी?"

"घे मग. विचार कायले करून राहिली?"

ती म्हणाली, "बाबांनी तुझ्या वेळेस नव्हते घेतले."

खरं दुखणं ते होतं. आणि या वेळी पोरगी होती. टोलीत, गावात बोलणं सुरू झालं होतं, पोरगी दिली अन् पैसे घेतले. पोरीचा बाप ताईच्या दारात येऊन म्हणाला होता, "बाई, माझी लेक जाते तर जाऊ दे. पण तिच्या नावाचा पैसा गावानं घेतला असं नाही पाहिजे. काकाजींनी घेतला असता काय?" त्या माणसाचं चुकलं असं मी म्हणत नाही. तुमचाच शब्द तो तुमच्या पोरीला परत करून राहिला होता.

मी म्हटलं, दोन दिवस दे. आणि आमच्या क्लबाच्या सेक्रेटरीकडे गेलो. सत्तरीचा म्हातारा आहे, दर रविवारी गावच्या हॉलमधे तांबोला लावतो, स्वतः माइकवर आकडे पुकारतो, आणि तिकिटांचे पैसे चौदा वर्षांखालच्या पोरांचे. मोठ्या टीमच्या लोकांनी त्याच्याकडे हात पसरला की तुमच्यासारखाच ऐकवतो. त्याला मी आपल्या बांधीची सगळी गोष्ट सांगितली, देजाची पण. तो चष्मा काढून हसला. "अरे, तुझे ते मिस्त्री माणूस देव. पण हिशेब चुकला मरे त्यांचा. पोर मोठ्या क्लबात गेलं की ज्यांनी लहानपणी शिकवलं त्यांना द्यायचं, ही फुटबॉलची जगभरची रीत आहे. तो पैसा गेलेल्या पोराचा नसतो. मागे राहिलेल्यांचा असतो. तो नाही घेतला तर तू कोणाचं राखलंस? पोर गेलंच, आणि बाकीच्यांचं मैदानही गेलं. कळ्ळें?"

मला कळलं. पण हे गोव्यातल्या म्हाताऱ्याचं बोलणं मी आपल्या टोलीत कसं पोचवणार? पोरीचा बाप म्हणाला असता, तो कोण? माझं बोलणं तर कोणी ऐकणार नव्हतं. टेम्पोत बसून पळालेल्या पोट्ट्याचं कोण ऐकते. गावात एकाच माणसाचा शब्द चालतो आणि तो नऊ वर्षांआधी गेला आहे. शनिवारी सकाळी मी ताईला फोन लावला आणि माझ्या तोंडातून जे निघालं ते मी ठरवून काढलं असं नाही, पण थांबवलं पण नाही. मी म्हटलं, "ताई, काकाजी मले स्टेशनवर सोडायले आले होते ना, तवा बोलले होते. म्हणाले, तुझ्या वेळेस माझं चुकलं. तो पैसा गेलेल्या पोट्ट्याचा नव्हता, मागे राहिलेल्याईचा होता. पुन्हा वेळ आली तर घ्या."

फोनमधे शिलाई मशीनचा आवाज थांबला.

"बाबा असं बोलले?"

"हो."

"चुकलं म्हणाले?"

"हो, ताई."

तुमच्या तोंडी हे घातलं मी. तुम्ही आयुष्यात 'माझं चुकलं' हे कोणाला बोलले असाल तर काकींना, तेही त्या झोपल्यावर. पण काकाजी, मी तुम्हाला लहान करायला नाही केलं हे. मला वाटलं, तुम्ही त्या उन्हाळ्यात बांधीत उन्हाळी धान उभा पाहिला, रोज मिलवर जाताना त्याच्या कडेनं गेले, तर मनात कुठेतरी हे आलंच असेल. आलं नसेल तर मला माफ करा. आलं असेल तर मी फक्त आवाज दिला.

आता पुढचं ऐका, कारण पुढचं माझ्या हातात राहिलं नाही. रविवारी ताईनं बांधीतच सगळ्यांना बसवलं. पोरीचा बाप होता, मालकाचा पोरगा ठेक्यासाठी आला होता, आणि त्याचा म्हातारा बाप, तुमचा दोस्त, त्याला खाटेसकट आणलं होतं. ताईनं तुमचं वाक्य सांगितलं. तेवढ्यात तो म्हातारा खाटेवरून म्हणाला, "हो बाई, मले आठवते. याच धुऱ्यावर बसून बोलला होता मिस्त्री. चुकलं म्हणे माझं." त्याच्यामागून कोपऱ्यावरची म्हातारी. "माझ्या तं दारात बोलला. पायली घ्यायले आला तवा." मग मिलमधला एक हमाल होता, तो म्हणाला की बॉयलरपाशी तुम्ही हे नेहमीच म्हणायचे. मला ताईनं हे सगळं फोनवर सांगितलं तेव्हा मी चुन्याच्या डब्यावर बसलो. हसावं का रडावं समजेना. पोरीचा बाप शेवटी उठला आणि म्हणाला, "काकाजी सगळ्याईले बोलून गेले, मलेच नाही बोलले. मंग ठीक आहे. पण पावतीवर माझ्या लेकीचं नाव लिहा, तिच्यामुळं मैदान राहिलं असं." तसं लिहिलं. बांधी जूनपर्यंत आपली आहे. पोरगी मागच्या सोमवारी गेली, काकींनी तिला डबा बांधून दिला, आणि तिनं सगळ्यांच्या पाया पडून झाल्यावर तुमच्या ड्रमाला पण हात लावला म्हणे.

एवढं चांगलं झालं तर मी ही चिठ्ठी कायले लिहून राहिलो, असं तुम्ही विचाराल. ताईमुळे. परवा तिचा फोन आला. पोरांच्या गोष्टी झाल्या, नवीन चेंडूंच्या झाल्या, आणि मग ती एकदम म्हणाली, "बाबू, बाबा तुले बोलले. मालकाले बोलले, म्हातारीले बोलले, हमालाले बोलले. मले काऊन नाही बोलले? मी घरातच होती."

काकाजी, मी अजून एक खोटं जोडलं. मी म्हटलं, "तुझ्या लग्नाच्या घाईत होते ते." ती "असंल" म्हणाली आणि फोन ठेवला. बाकी सगळ्यांना मी तुम्हाला थोडं थोडं वाटलं आणि तुमच्या पोरीपासून मात्र थोडं काढून घेतलं, हे माझ्या हातून झालं आहे. तिला खरं सांगायला पाहिजे. हे कागद खरं तर तिलाच पाठवायला पाहिजेत. पण तिनं वाचलं तर ती टोलीत जाऊन सांगेल, तुमची पोरगी आहे ती, आणि मग पोरीच्या बापानं काय करायचं? म्हणून तुम्हाला लिहितो, जिथे पाठवायची सोय नाही.

पाणी पलीकडच्या गोलापर्यंत गेलं, नळी फिरवायला उठलं पाहिजे. एक शेवटचं, आणि हे ताईलाच काय, मी स्वतःलाही नीट सांगितलेलं नाही. काल दुपारी इथेच बसलो असताना मला ते आठवलं. गाडी सुटायची वेळ, तुम्ही खिडकीच्या गजाला धरून उभे, शर्टाच्या बाहीवर कोंडा, आणि तुम्ही म्हणाले, तुझ्या वेळेस माझं चुकलं. अगदी तुमच्याच आवाजात. मी आठवून आठवून पाहिलं, पण ते तुम्ही बोलले नव्हते असं मला आता खात्रीनं सांगता येत नाही.